सगळ्यांचंच नेट एकदम गेलं, तर तुटलंय कुठं हे कसं शोधायचं?

प्रश्न थोडक्यात असा: बेळगावात शहापूर भागात एका संध्याकाळी घरचं फायबर बंद पडलं. शेजारी दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन, तेही बंद. फोनवर तिसऱ्याच कंपनीचं सिम, त्याचाही डेटा चालेना. केबलवाला म्हणाला "वरूनच गेलंय", कंपनीच्या फोनवर "लाईन तुटलीये" सांगितलं, गल्लीत कुणी म्हणालं की सरकारने बंद केलंय. तीन कंपन्या एकाच वेळी कशा जातात, आणि खरं काय झालंय ते घरबसल्या कळतं का?

बरंचसं कळतं. मात्र "नेट आहे का?" असं विचारत बसलात तर हाती काही लागत नाही. नेट कुठवर जिवंत आहे, ते बघायचं. तुमच्या फोनपासून मुंबई किंवा बेंगळुरूपर्यंत मध्ये आठ-दहा टप्पे असतात. शेवटचा चालू टप्पा आणि पहिला बंद टप्पा सापडला की बिघाड त्या दोहोंच्या मध्ये असतो. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

सगळ्यात आधी वेळ लिहून ठेवा, मिनिटासकट. आणि राऊटर लगेच बंद-चालू करू नका. बंद केलात की त्याच्या आतली नोंद बहुतेक डब्यांत पुसली जाते आणि लाईन नक्की किती वाजता गेली हे सांगणारा एकमेव साक्षीदार जातो. शिवाय बिघाड मोठा असेल तर तुमच्या राऊटरने काही सुधारणार नसतं. उलट हजारो लोक एकदम बंद-चालू करतात तेव्हा लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर गर्दी होते आणि लाईन जोडून झाल्यावरही नेट उशिरा येतं.

आता ओएनटी बघा, म्हणजे कंपनीने भिंतीवर लावलेला फायबरचा डबा. एलओएस नावाचा लाल दिवा लुकलुकत असेल तर तुमच्यापर्यंत प्रकाशच पोहोचत नाहीये. एक तर मध्ये फायबर तुटलंय किंवा पलीकडचं ओएलटी, म्हणजे घरोघरी प्रकाश पाठवणारं कंपनीचं यंत्र, बंद आहे. पॉन नावाचा (त्या यंत्राशी जोडणी दाखवणारा) हिरवा दिवा लुकलुकत राहिला तर प्रकाश येतोय पण नोंदणी होत नाही. पॉन स्थिर हिरवा आणि इंटरनेटचा दिवा लाल किंवा विझलेला असेल, तर गल्लीतली फायबर ठणठणीत आहे आणि बिघाड पुढे आहे. अशा वेळी केबलवाल्याला खांबावर चढवण्यात अर्थ नाही.

दिव्यापेक्षा नेमकं हवं असेल तर राऊटरच्या पानावर जा, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१, आणि आरएक्स पॉवर, म्हणजे घरापर्यंत पोहोचलेल्या प्रकाशाची ताकद, हा आकडा बघा. हे पान बघायला नेट लागत नाही. जीपॉन (घरगुती फायबरच्या नेहमीच्या प्रकारच्या) लाईनवर उणे १५ ते उणे २५ डीबीएम चांगला, उणे २७ च्या खाली गेला की लाईन अडखळते. हिशोब सोपा आहे. ओएलटीतून समजा अधिक ३ डीबीएम प्रकाश निघाला. वाटेत एकास आठचे, म्हणजे एका वाटेचा प्रकाश आठांत वाटणारे, दोन स्प्लिटर, प्रत्येकी साधारण साडेदहा, म्हणजे २१ डीबी तिथेच गेले. पाच किलोमीटर फायबरला दीड-एक डीबी, कनेक्टर आणि जॉइंटना दीड. घरी येतात उणे २१. लाईन नीट चालू असताना हा आकडा एकदा लिहून ठेवा. पुढे कधी तो उणे २४ दिसला तर प्रकाश निम्मा झालाय. खिडकीच्या चौकटीत दाबली गेलेली वायर, खांबावरच्या डब्यात शिरलेलं पाणी किंवा मळका कनेक्टर, यांपैकीच काहीतरी असतं. म्हणजे हा घरगुती बिघाड, मोठा नव्हे.

आकडा नेहमीचाच असेल तर त्याच पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीने तुमच्या राऊटरला दिलेला पत्ता, बघा. १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल तर घाबरू नका, एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याची ती नेहमीची व्यवस्था आहे. सगळी शून्यं दिसली तर सेशनच बसलेलं नाही, म्हणजे कंपनीकडे लॉगिनच झालेलं नाही. एकाच कंपनीच्या शंभर घरांत दिवे हिरवे आणि पत्ता शून्य, असं दिसलं तर लॉगिन तपासणारा सर्व्हर किंवा त्याच्यापर्यंतची वाट गेलीये असं समजा.

यानंतर माणसांना विचारायचं, आणि इथे बहुतेकांची गफलत होते. "तुमचं नेट आहे का?" याचं उत्तर "नाही" एवढंच येतं आणि त्यातून काही कळत नाही. फोन करून पाच गोष्टी विचारा: कंपनी कोणती, दिवा कुठल्या रंगाचा, नेमकं किती वाजता गेलं, एखादी गोष्ट तरी चालतेय का, आणि घरात लाईट आहे का. टिळकवाडी, अनगोळ, वडगाव, उद्यमबाग आणि शहराबाहेर एखादं खानापूर किंवा संकेश्वर, एवढ्या पाच-सहा ठिकाणची उत्तरं कागदावर मांडली की चित्र उमटायला लागतं. फक्त वडगावात लाल दिवे असतील तर स्थानिक तुटणं. सगळीकडे दिवे हिरवे पण नेट नाही, तर शहराबाहेरची मुख्य वाट.

नेट गेलं कसं, हेही बघा. सगळ्यांचं एकाच मिनिटाला गेलं असेल तर केबल तुटली किंवा एखादं मोठं यंत्र कोसळलं. दोन-तीन तासांत भाग-भाग करून जात राहिलं, आणि त्याआधी हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाईट गेलेली होती, तर बॅटऱ्या संपतायत. मोबाईल टॉवर ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, ओएलटीच्या खोलीत इन्व्हर्टर असतो, आणि प्रत्येकाची बॅटरी वेगवेगळ्या वयाची असल्याने ते एकामागून एक मान टाकतात. अशा वेळी ओएलटी बंद पडल्यामुळेही घरी लालच दिवा दिसतो. म्हणून लाल दिवा दिसला की "तुटलं" असं लगेच म्हणू नये. रोज रात्री नऊनंतर मंदावत असेल तर ती गर्दी आहे, तिचा आणि बिघाडाचा संबंध नाही.

फोनवरच्या रेंजच्या काड्या लोकांना फार फसवतात. काड्या म्हणजे फोन ते टॉवर एवढंच अंतर. टॉवरच्या मागची फायबर तुटली तरी काड्या पूर्ण दिसू शकतात. व्होल्टीचा, म्हणजे ४जी डेटावरून होणारा, कॉलही त्याच मागच्या वाटेने जातो, त्यामुळे डेटासोबत कॉलही जातात. जंगलपट्टीत, कणकुंबी-जांबोटीकडे, काही टॉवरना फायबरऐवजी मायक्रोवेव्हने दुसऱ्या टॉवरशी जोडलेलं असतं. तिथे मधला एक टॉवर गेला की त्याच्यामागची पूर्ण माळ जाते. अडचणीत ११२ लावून बघा, आपल्या कंपनीची रेंज नसली तरी आसपासच्या कुठल्याही नेटवर्कवरून तो कॉल जाऊ शकतो.

"यूट्यूब चालतंय, बँक उघडत नाही" अशी तक्रार आली की जाणकाराचे कान टवकारले पाहिजेत. गूगलसारख्या कंपन्या आपल्या साठ्याचे सर्व्हर इंटरनेट कंपन्यांच्या केंद्रातच ठेवतात. बाहेरची वाट पूर्ण तुटली तरी लोकप्रिय व्हिडिओ तिथूनच चालू राहू शकतात. म्हणून यूट्यूब ही नेट तपासायची रीत नव्हे. दुसरं कारण आयपीव्ही६. मोठ्या साइट या नव्या पत्त्यांवरही चालतात, बऱ्याच लहान आणि सरकारी साइट जुन्या पत्त्यांवरच असतात. जुने पत्ते वाटून देणारं कंपनीचं यंत्र कोलमडलं की नव्या वाटेवरचं सगळं सुरळीत आणि जुन्या वाटेवरचं ठप्प, असं दिसतं.

तिसरं कारण डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सेवा, आणि ते सगळ्यात सोपं. पिंग (एखाद्या पत्त्याकडून उत्तर येतं का बघणारी आज्ञा) ८.८.८.८ आणि पिंग १.१.१.१ यांना उत्तर येतंय पण एकही नाव उघडत नाही, तर कंपनीचा डीएनएस सर्व्हर गेलाय. राऊटरमध्ये हेच दोन पत्ते डीएनएस म्हणून टाका, दोन मिनिटांत काम होतं. अँड्रॉइड फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस म्हणून कुणाचं नाव भरून ठेवलं असेल तर मात्र उलटं होतं. तो एकच सर्व्हर पोहोचेना झाला की फोनचं सगळं नेट बंद दिसतं. ते सेटिंग ऑटोमॅटिकवर आणून मगच निष्कर्ष काढा.

पिंग पुढे जात नसेल तर ट्रेसराऊट घ्या, म्हणजे वाटेतला एकेक टप्पा ओळीने दाखवणारी आज्ञा. विंडोजवर त्याला ट्रेसर्ट म्हणतात, मागे उणे डी जोडलं की नावं शोधण्यात वेळ जात नाही. मधल्या एखाद्या ओळीत तारे दिसले आणि त्याखाली पुन्हा आकडे आले, तर तिथे काहीच बिघडलेलं नाही. तो राऊटर फक्त उत्तर देत नाही. एका ओळीपासून शेवटपर्यंत तारेच असतील तर त्याच्या आधीची ओळ म्हणजे तुमचा शेवटचा जिवंत टप्पा. वेळेचा आकडाही बोलका असतो. फायबरमध्ये जाऊन-येऊन दर १०० किलोमीटरला साधारण १ मिलिसेकंद लागतो. बेळगावहून मुंबई किंवा बेंगळुरू रस्त्याने ५०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे शुद्ध अंतराचे पाच आणि यंत्रांचे वरचे थोडे. नेहमी १५ दाखवणारा पहिला मुंबईचा टप्पा ४५ वर गेला असेल, तर उत्तरेची वाट तुटून तुमची रहदारी दक्षिणेकडून वळसा घालून जातेय. नेट चालू असतं, कुणी तक्रार करत नाही, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची खूण असते.

कारण तीन कंपन्या एकदम का जातात, याचं उत्तर तिथेच आहे. बेळगावातून बाहेर पडायच्या मोठ्या वाटा मोजक्याच. निपाणी-कोल्हापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८, त्याच रस्त्याने दक्षिणेला धारवाड-हुबळी, पश्चिमेला खानापूर-लोंढ्यावरून गोवा, आणि मिरज-बेळगाव-लोंढा रेल्वेमार्गाची कड. कंपन्या अनेक असल्या तरी जमीन तीच, पूल तेच, आणि बऱ्याचदा भाड्याने घेतलेली केबलही एकाचीच. गल्लीत एका खांबावरून चार कंपन्यांच्या वायरी जातात. उसाच्या हंगामात उंच भरलेली ट्रॉली त्यात अडकली की चौघांच्या एकदम तुटतात.

केबल रिंगमध्ये टाकलेली असते, म्हणजे एक बाजू तुटली तर दुसरीकडून रहदारी वळते. त्यामुळे जेसीबीचा एक घाव जिल्हा बंद पाडत नाही. जिल्हा बंद पडतो तो दुसऱ्या घावाने. उत्तरेची बाजू तुटून पडलेली असते, नेट चालू आहे म्हणून दुरुस्तीची घाई कुणाला नसते, आणि तेवढ्यात धारवाडच्या बाजूला कुणीतरी खणतं. नाहीतर रिंगच्या दोन्ही बाजू शेवटच्या किलोमीटरभर एकाच चरातून नेलेल्या असतात. कागदावर रिंग, जमिनीत एकच पाइप. पूल ही तशीच जागा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं होतं. अशा वेळी दुरुस्तीची गाडीसुद्धा पलीकडे जाऊ शकत नाही.

दुरुस्तीला इतका वेळ का लागतो हेही समजून घ्या, म्हणजे कंपनीने सांगितलेली वेळ खरी की खोटी ते ताडता येतं. ओटीडीआर यंत्र एका टोकावरून प्रकाशाचा ठोका पाठवून "तुटलंय ७.४ किलोमीटरवर" असं सांगतं. पण ते फायबरची लांबी मोजतं, रस्त्याची नव्हे. दर जॉइंटपाशी दहा-वीस मीटर वेटोळं ठेवलेलं असतं, त्यामुळे प्रत्यक्ष जागा रस्त्याने मोजल्यास अलीकडे निघते. जुनी नोंद नसेल तर तेवढ्या पट्ट्यात पायी फिरावं लागतं. जमिनीखालची केबल बीएसएनएलच्या रीतीप्रमाणे १.६५ मीटर खोल हवी. खानापूर भागात जांभ्या दगडात इतकं खणणं जड जातं, म्हणून केबल वर राहते आणि रस्तारुंदीत पहिली तीच लागते.

जागा सापडल्यावर केबल ताणून जोडता येत नाही. मध्ये नवा तुकडा घालून दोन्ही टोकांना दोन जॉइंट करावे लागतात. २४ कोअरची, म्हणजे आत २४ काचतंतू असलेली, केबल असेल तर ४८ स्प्लाइस (जोड). प्रत्येक कोअर सोलायचा, अल्कोहोलने पुसायचा, क्लीव्हरने काटकोनात कापायचा, यंत्रात वितळवून जोडायचा, वर स्लीव्ह चढवायची. चार मिनिटं धरली तरी तीन तासांवर काम, खणणं आणि प्रवास वेगळा. जॉइंटमागे ०.१ डीबीपेक्षा जास्त तूट आली तर पुन्हा करायचा. पावसात हे तंबूत किंवा गाडीत बसूनच करावं लागतं. ओल्या हवेत आणि धुळीत जोड नीट बसत नाही. रंगांचा क्रम ठरलेला असतो, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा असा बारापर्यंत. मध्यरात्री बॅटरीच्या उजेडात करडा आणि पांढरा अदलाबदल झाला की "सगळ्यांचं आलं, आमचंच लाल" अशी दोन-चार गल्ल्यांची तक्रार सकाळी येते. तसं झालं तर कंपनीला स्पष्ट सांगा की कोअर तपासा, आणि शेजारच्या गल्लीत किती वाजता आलं तेही सांगा.

सरकारी बंदी असेल तर तिची छाप वेगळी असते. सर्व कंपन्यांचा मोबाईल डेटा जवळपास एकाच वेळी जातो, कॉल आणि एसएमएस चालू राहतात, आणि बहुतेक वेळा घरचं फायबरही चालू असतं. शिवाय बंदी प्रशासकीय हद्दीवर थांबते. इथे सीमाभागाला एक सोय आहे: शिनोळी किंवा कोगनोळीच्या पलीकडचा टॉवर महाराष्ट्र सर्कलचा (सर्कल म्हणजे मोबाईल सेवेचा राज्यवार भाग), अलीकडचा कर्नाटक सर्कलचा. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात इंटरनेट बंद केलं होतं; अशा वेळी हद्दीच्या अलीकडचे टॉवर त्या आदेशात येत नाहीत. एरवीही फोनमध्ये नेटवर्क हाताने निवडून दोन्ही बाजूंचे टॉवर तपासा. कर्नाटकचा बंद आणि महाराष्ट्राचा चालू दिसला तर बिघाड बेळगावच्या बाजूच्या वाटेत किंवा सर्कलच्या यंत्रणेत आहे. बंदीचा आदेश २०२४ च्या नियमांप्रमाणे कारण, भाग आणि मुदत यांसह प्रसिद्ध करावा लागतो, आणि एका आदेशाची मुदत १५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. आदेश दाखवता येत नसेल तर "सरकारने बंद केलंय" ही अफवाच धरा. शहापूरच्या या प्रश्नात फायबरही गेलंय, त्यामुळे बंदीची शक्यता कमी आणि सामाईक वाट तुटल्याची जास्त.

जगातल्या मोठ्या सेवा कोसळतात तेव्हाही लोक केबलवाल्यालाच फोन करतात. ४ ऑक्टोबर २०२१ ला आपल्याकडे रात्री नऊनंतर फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम सहा तासांहून जास्त गायब होते. देखभालीच्या एका चुकीच्या आज्ञेने त्यांचं अंतर्गत जाळं तुटलं आणि डीएनएसकडे जाणाऱ्या वाटाच जगाच्या नकाशावरून मागे घेतल्या गेल्या. १८ नोव्हेंबर २०२५ ला अनेक साइटची रहदारी वाहणारी क्लाउडफ्लेअर कंपनी अडखळली, तेव्हा बिघाडांची नोंद दाखवणारी डाउनडिटेक्टर साइटसुद्धा नीट उघडत नव्हती. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय बंद पडलं, नेट मात्र चालू होतं. म्हणून एकाच अॅपवरून ठरवू नका. परस्परांशी संबंध नसलेल्या तीन जागा उघडून बघा.

क्लाउडफ्लेअर रडार आणि जॉर्जिया टेकचं आयओडीए ही दोन पानं देश आणि राज्य पातळीवरची घसरण दाखवतात. पण एका जिल्ह्याची घसरण राज्याच्या आलेखात सहज बुडून जाते. तिथे सपाट रेष दिसली म्हणून "बेळगावात काही झालं नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तुमचा कागदावरचा तक्ता त्यापेक्षा खरा.

तक्रार करताना "नेट नाही" म्हणण्याऐवजी सांगा: "सायंकाळी अमुक वाजता गेलं, पॉन हिरवा, आरएक्स उणे २१, पत्ता शून्य, आमच्या भागात तुमच्या कंपनीची इतकी घरं अशीच." तक्रार क्रमांक घ्या. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ द्यावी लागते. ही सवलत त्या जिल्ह्यात नोंद असलेल्या ग्राहकाला आहे. कोल्हापूरच्या पत्त्यावर घेतलेलं सिम बेळगावात वापरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

दुसरं कनेक्शन घेणार असाल, विशेषतः दुकान, दवाखाना किंवा उद्यमबागेतल्या कारखान्यासाठी, तर कंपनीचं नाव आणि वेग बाजूला ठेवून तीन गोष्टी विचारा. वायर कोणत्या खांबांवरून येणार? तुमचं ओएलटी कुठल्या इमारतीत आहे? आणि बेळगावबाहेर तुम्ही कोल्हापूरकडून निघता की हुबळीकडून? पहिल्या कनेक्शनची आणि याची उत्तरं वेगळी असतील तरच पैसे घाला. तिसऱ्याचं उत्तर सेल्समनला येत नसेल तर जोडायला येणाऱ्या माणसाला विचारा, किंवा शेजारी तेच कनेक्शन असेल तर तिथे बसून ट्रेसराऊट घ्या आणि आपल्याशी ताडून बघा. शहराबाहेर पडल्यावरच्या दोन-तीन ओळी दोन्हीकडे सारख्याच निघाल्या, तर कंपनी दुसरी असली तरी वाट एकच आहे.